खुलासा : ‘समाजकार्य करणाऱ्या कंपन्या 3.5 टक्के जास्त परतावा देतात’

परवा मीच टाकलेली ही ओळ आता कुठल्याशा फंडाच्या जाहिरातीला चिकटून फिरते आहे. चूक माझी होती. लंडन बिझनेस स्कूलचे अर्थतज्ज्ञ अ‍ॅलेक्स एडमन्स यांनी असं म्हटलेलं नाही.

त्यांचा 2011 चा मूळ शोधनिबंध मी आता वाचला (आधीच वाचायला हवा होता). त्यात समाजकार्य, देणग्या किंवा वृक्षारोपण मोजलेलं नाही. मोजलंय ते कर्मचाऱ्यांचं समाधान. ‘काम करायला सर्वोत्तम 100 कंपन्या’ या यादीतल्या अमेरिकी कंपन्यांच्या शेअर्सनी 1984 ते 2009 या काळात, जोखीम जमेस धरून, वर्षाला 3.5 टक्के जादा परतावा दिला. त्याच उद्योगांतल्या इतरांशी तुलना केली, तर 2.1 टक्केच. पुढे 30 देशांच्या अभ्यासात दिसलं की, कामगार कायदे जिथे लवचीक (म्हणजे नोकरीवर घेणं-काढणं सोपं), तिथेच हा संबंध ठळक आहे.

म्हणजे ‘शाश्वत’ (पर्यावरण-समाजाचं भान ठेवणाऱ्या कंपन्यांत गुंतवणूक) असं लेबल लावलेल्या कुठल्याही फंडाला हा आकडा लागू होत नाही. जुना मजकूर मी काढला आहे. तुमच्या ग्रुपवर असेल तर कृपया पुढे पाठवू नका, आणि ज्यांना पाठवला त्यांना हा खुलासा द्या.