गुहेतली पोथी आणि जात

एका नवोदित लेखकाच्या कादंबरीचा मसुदा आज वाचून संपवला. तेव्हापासून डोकं तापलंय. जग काल्पनिक, धर्म काल्पनिक, जाती मात्र आपल्या ओळखीच्या. नायकाला गुहेत 'मूळ' पोथी सापडते. जातींचा श्लोक तिच्यात नसतो. तो चौकात ती वाचून दाखवतो, पुजारी गुडघे टेकतात आणि जात संपते. एका प्रकरणात!

कुठल्या जगात असं होतं?

पुरुषसूक्त घ्या. ऋग्वेदाचं दहावं मंडल, सूक्त ९०, एकूण १६ ऋचा. चारही वर्ण एकत्र येतात ते बाराव्या ऋचेत, अख्ख्या ऋग्वेदात फक्त तिथंच. हे सूक्त उशिराचं, असं अभ्यासक कधीपासून सांगताहेत. त्यानं कुठली विहीर खुली झाली?

भांडारकर संस्थेनं १२५९ हस्तलिखितं ताडून महाभारताची चिकित्सित आवृत्ती काढली. १९१९ ते १९६६ एवढा काळ लागला. स्वयंवरात कर्णाला उद्देशून द्रौपदीचं 'मी सूताला वरणार नाही' हे वाक्य मुख्य संहितेतून तळटीपेत गेलं. लोकांच्या तोंडी ते आजही तसंच आहे.

म्हणून जग रचताना श्लोकापासून नको, विधीपासून सुरुवात करा. कुणाच्या घरी कोण कुठला मंत्र म्हणतो, त्याबद्दल किती जमीन मिळते, ते आधी ठरवा. १८९९ साली पंचगंगेवर शाहू महाराजांसाठी वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हटले गेले, म्हणजे क्षत्रियांसाठीचे वेदातले नव्हे, तर शूद्रांसाठीचे पुराणातले. वेद खरे की खोटे हा वादच नव्हता. वाद होता अधिकाराचा. रायगडावर वैदिक राज्याभिषेक होऊन २२५ वर्षं झाली होती, तरी 'कलियुगात क्षत्रियच नाहीत' हे उत्तर तयार होतं. महाराजांनी राजोपाध्यांचं, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांचं, इनाम जप्त केलं. घाव तिथं बसला.

वाचकाला धक्का हवा असतो, एवढं मान्य.

आणि पोथी एकच कशी? निदान तीन हव्यात, तीन घराण्यांच्या. दोघींत एकच विचित्र चूक असेल, तर त्या बहुधा एकाच पोथीवरून उतरवलेल्या. समासातली टीप पुढच्या लेखनिकानं ओळीत घेतली की तिचा श्लोक होतो. प्रक्षेप, म्हणजे मागाहून घुसलेला मजकूर, असेही होतात, दर वेळी कट लागत नाही. पुजाऱ्यांना सरसकट लबाड रंगवलंय, तेही म्हणूनच खटकतं. बहुतेकांचा त्या ओळीवर मनापासून विश्वास असतो, आणि तेच जास्त भयंकर आहे.

मुलानं लिहिलंय मात्र जीव ओतून. वरून ओतलेलं पाणी ओंजळीत झेलणाऱ्या मुलीचं पान वाचून घसा दाटला. ते पान ठेव रे बाबा, शब्दही बदलू नकोस.

गुहेचं प्रकरण तेवढं पुन्हा लिही. पुजाऱ्याला गुडघे टेकायला लावू नकोस. तो पोथी कपाळाला लावेल, पानं मोजेल आणि शांतपणे म्हणेल, 'ही दुसऱ्या शाखेची. शिवाय मधलं एक पान गळालंय.' त्यानंतर ती मुलगी कुठं पाणी भरते, ते लिही.