आठशेचा हुरडा आणि अडीच हजारांची घोंगडी

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय. पोस्ट लांबणार आहे.

दुपारी मित्राच्या रानात हुरड्याला गेलो होतो. शाळेपासूनची आमची टोळी पौषात तिथं जमतेच. हल्ली तो बाहेरच्या लोकांसाठीही आगटी पेटवतो, माणशी आठशे रुपये. चांगलंच करतोय, शेतीत तेवढाच आधार. गुळभेंडी ज्वारीची कणसं गोवऱ्यांच्या आरात खुपसायची, हाताला चटके बसत असतानाच चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि समोरच्याच्या तळहातावर मूठ रिकामी करायची. जोडीला लसणाची चटणी, दही, गूळ. पाहुणे खूश होते.

तेवढ्यात बांधावरून एक म्हातारबाबा आले, खांद्यावर घोंगड्यांची चवड. मित्रानंच बोलावलं होतं, चार लोक आलेत तर एखादी खपेल म्हणून. एका पाहुण्यानं किंमत विचारली. बाबा म्हणाले, "अडीच हजार." हा म्हणतो, "हजारात देऊन टाका, ऑनलाइन सातशेला मिळते." बाबांनी कड उलगडून दाखवली, सूत हातचं आहे म्हणाले. यानं त्यावरून दोन बोटं फिरवली, "टोचतीये की," म्हणाला आणि घोंगडी बाजेवर फेकली. फेकलीच. बाबांनी ती उचलली, झटकली, परत घडी घातली आणि पाणी पिऊन निघून गेले.

आठशे रुपये ताटाचे देताना याच माणसानं हूं की चूं केलं नव्हतं.

तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, आमच्या टोळीतल्या एकाचं घर म्हसवडला, घोंगड्या विणणाऱ्या सणगरांचं. सुट्टीत आम्ही तिथंच पडीक असायचो. त्याच्या वडिलांना आम्हीही आप्पाच म्हणायचो. घरात खड्डामाग. आप्पा कमरेपर्यंत खड्ड्यात उतरून बसायचे, पाय खाली, हात वर, आणि आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं पळत असायचा. ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, खळ लावायचा दिवस असला की आम्हा पोरांना काम मिळायचं. चिंचोके भाजून, फोलपटं काढून, भिजवून वाटायचे आणि मोठ्या पातेल्यात घट्ट शिजवायचे. ताणा गल्लीत उन्हात ताणून बांधलेला असायचा. आप्पा कुंच्यानं खळ ओढत पुढं जायचे आणि मागून आम्ही चिकटलेले धागे बोटांनी सुटे करायचो. एक धागा तुटला तरी आप्पा थांबायचे, ओल्या बोटांनी पीळ देऊन जोडायचे. ओरडायचे नाहीत कधी.

हे झालं फक्त ताण्याचं. त्याआधी काकींनी, म्हणजे मित्राच्या आईनं, ती लोकर निवडलेली, पिंजलेली, दिवसचे दिवस चरख्यावर कातलेली. हातचं सूत म्हणजे त्या बाईचे हे सगळे दिवस. अडीच हजारांत ते दिवस धरलेत का कुणी? हजार म्हणणाऱ्यानं तर आप्पांचेसुद्धा धरलेले नाहीत.

बरं, टोचते हे खरं आहे. नवी घोंगडी टोचते आणि खळीमुळं कडकही असते. वापरात, धुण्यात मऊ होते. सगळ्यांच्या खिशात अडीच हजार नसतात हेही मान्य. ज्याच्याकडे नाहीत त्याच्यावर माझा राग नाही. ज्याच्याकडे आहेत आणि जो म्हाताऱ्या माणसाशी घासाघीस करण्यात मर्दुमकी मानतो, त्याच्यावर आहे.

आणि ऑनलाइन सातशेला काय मिळतं, तेही बघा एकदा. पानिपतला जुने लोकरी कपडे फाडून त्यांचंच पुन्हा सूत काढतात. तिथल्या लोकांचं पोट त्यावर चालतं, चालू दे. पण त्याला काळा रंग देऊन घोंगडी म्हणून विकू नका. खरी ओळखायची असेल तर कडेचा एक धागा जाळून बघा. लोकर असेल तर केस जळाल्यासारखा वास येतो आणि बोटात चुरा होतो. प्लास्टिकचा धागा असेल तर वितळून गोळी होते.

सगळ्यात जास्त आतडं तुटतं ते लोकरीपायी. आमच्या माणदेशात ही काळी दख्खनी मेंढी, दुष्काळात तगणारी. तिच्या लोकरीचे धनगराला पूर्वी चार पैसे मिळायचे. आता कातरणाऱ्यालाच मजुरी द्यावी लागते आणि लोकर ओढ्यात टाकून देतात. मी डोळ्यांनी बघितलंय. मग लोक माडग्याळी जातीच्या मेंढीकडं वळले. ती लवकर वाढते, मटणाला भाव आहे, लोकर नावालाच. धनगरांना मी बोल लावणार नाही, ऊन-पावसात मेंढरांमागं फिरून त्यांनी आमच्या हौसेसाठी तोटा का सोसायचा? पण इकडं ओढ्यात लोकर कुजतेय आणि तिकडं सणगर चांगली काळी लोकर मिळत नाही म्हणतोय. हे बघून मला रडायला येतं.

आप्पांच्या घरी खळीच्या दिवशी काकी हुलग्याचं माडगं करायच्या. हुलगे भाजून दळलेलं पीठ, लसूण, जिरं, वर कडकडीत फोडणी. बाजरीची भाकरी चुरून सगळी पोरं एकाच परातीभोवती बसायचो. काकींच्या बोटांना लोकरीचा वास यायचा, भाकरीलाही थोडा यायचा, आणि आम्हाला तो आवडायचा. आप्पा सगळ्यात शेवटी जेवायचे, खळ वाळायच्या आत ताणा मोकळा करून. आता आप्पा नाहीत. माग खोलीत तसाच आहे, वर शेंगांची पोती ठेवलीत. आप्पांचा पोरगा, आमचा मित्र, पुण्यात कंपनीत आहे आणि मी त्याला परत ये म्हणणार नाही. कोणत्या तोंडानं म्हणू, आजचा तमाशा बघितल्यावर?

मघाशी फार तापलो होतो, आता लिहून जरा बरं वाटतंय. त्या पाहुण्याला तिथंच काही बोललो नाही, मित्राच्या रानात वाद नको होता. बांधापर्यंत बाबांच्या मागं गेलो आणि एक काळी घोंगडी घेतली, पांढऱ्या काठाची. त्यांनी आपणहून शंभर कमी केले. मी ते त्यांच्या खिशात परत घातले, तर म्हणाले, "मग हुरडा तरी बांधून द्या, नातीला."

बाबांचा नंबर घेतलाय. ज्यांना हवी असेल त्यांनी मला मेसेज करा. अंथरायला की पांघरायला ते सांगा, माप त्यावर ठरतं. सूत कातण्यापासून सुरुवात आहे, तेव्हा महिना-दीड महिना लागेल. पैसे बाबा सांगतील तेवढेच द्यायचे. हे जमणार नसेल तर मेसेज करू नका, आपली दोस्ती आहे तशीच राहील.