खुलासा: श्रीलंकेतली शांतिसेना युनोची नव्हती

देवळाली कॅम्प, नाशिकरोडच्या ग्रुपांवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय: 'श्रीलंकेत गेलेली शांतिसेना युनोची होती, जवानांना पगारही युनोनेच दिला.' सोबत निळ्या शिरस्त्राणातल्या जवानांचा फोटो. हे साफ चुकीचं आहे.

२९ जुलै १९८७ ला पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला आणि त्यानुसार भारताने आपलं सैन्य पाठवलं. खर्चही भारताचाच. वेगळ्या तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या एलटीटीई या सशस्त्र संघटनेची शस्त्रं खाली ठेवून घ्यायला गेलेल्या जवानांना ऑक्टोबरात त्यांच्याशीच उत्तर श्रीलंकेतल्या जाफन्यात लढावं लागलं. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली, पण सुमारे १,२०० जवान परतलेच नाहीत. महार रेजिमेंटच्या मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं ते याच मोहिमेसाठी.

निळी शिरस्त्राणं भारतीयांनी घातली ती काँगो, सोमालियासारख्या युनोच्या मोहिमांत. 'शांतिसेना' या नावामुळे घोटाळा होतो.

आमच्या शेजारचे निवृत्त हवालदारकाका जाफन्यात होते. त्यांच्या ट्रंकेतली टोपी मी हातात घेतली आहे: हिरवी, घामाने कडेला पांढरी पडलेली. मेसेज पुढे पाठवला असेल, तर कृपया त्याच ग्रुपवर ही दुरुस्तीही टाका.