पिस्तूल पाचशेचं, मग कोर्सही पाचशेचा कशाला?

"पिस्तूलच पाचशे डॉलरचं, मग ते चालवायला शिकायचे आणखी पाचशे कशाला?" टेक्सासात डॅलसच्या आसपासच्या आपल्या मंडळींत हा प्रश्न हल्ली आरतीनंतर प्रसादाच्या रांगेतही निघतो. विचारणारा बहुतेक वेळा नवरा असतो, आणि उत्तराकडे कान देऊन उभी असते ती बायको. आमच्या घरात पिस्तूल आहे आणि कोर्स नवऱ्याच्या आधी मी केला, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. दर वेळी तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

माझं मत सरळ आहे. कोर्सची फी, सरावाच्या गोळ्या आणि पिस्तूल ठेवायची तिजोरी हे सगळं पिस्तुलाच्या किमतीतच धरायचं. ते धरून बजेट बसत नसेल तर पिस्तूलच बजेटात बसत नाही. मग घेऊ नका, दाराला चांगलं कुलूप बसवा.

आता हिशेबाच्या आधी एक गोष्ट, कारण तिच्यात लोकांची आयुष्यं अडकू शकतात. तुम्ही एच-वन-बी, एच-फोर किंवा एफ-वन व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानं बंदूकच काय, गोळ्याही जवळ बाळगायला बंदी आहे. वैध शिकारीचा परवाना असणं वगैरे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारून. "मित्राबरोबर नेमबाजीच्या रेंजवर गेलो, त्याचंच पिस्तूल दोन मिनिटं हातात घेतलं" एवढंही अंगाशी येऊ शकतं, आणि रेंजवरचे फोटो आपण हौसेनं इथे फेसबुकवर टाकतो! टेक्सासचा कायदा कितीही सैल असला तरी त्यावर हा केंद्राचा कायदा आहे. ग्रीन कार्डवाल्यांना आणि नागरिकांना ही अडचण नाही. बाकीच्यांनी फी भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला फोन करावा.

बरं, कोर्स म्हणजे नक्की कुठला? बहुतेकांच्या डोक्यात असतो तो पिस्तूल अंगावर घेऊन फिरायच्या परवान्याचा, म्हणजे एलटीसीचा (लायसन्स टू कॅरी) क्लास. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासात २१ वर्षांवरच्या, कायद्यानं बंदी नसलेल्या माणसाला पिस्तूल जवळ बाळगायला परवाना लागतच नाही. तरी लोक तो काढतात, कारण दुसऱ्या बऱ्याच राज्यांत तो चालतो आणि सरकारी फी फक्त ४० डॉलर आहे. क्लास चार ते सहा तासांचा. त्यात बळाचा वापर कायद्यानं कधी करता येतो, भांडण न वाढवता कसं मिटवायचं, हत्यार घरात कसं ठेवायचं हे शिकवतात. कुठल्या दारावरच्या बंदुकीबद्दलच्या कुठल्या पाटीचा अर्थ काय, तेही कळतं. हे सगळं मोलाचं आहे, घ्याच. फक्त त्याला नेमबाजीचं शिक्षण समजू नका.

का, ते त्याच्या परीक्षेवरून बघा. ५० गोळ्या: २० तीन यार्डांवरून, २० सात यार्डांवरून आणि १० पंधरा यार्डांवरून. २५० पैकी १७५ गुण मिळाले की पास. तीन यार्ड म्हणजे नऊ फूट. समोरचा कागद माणसाएवढा, जागेवर गुमान उभा. होल्स्टरमधून, म्हणजे कमरेच्या म्यानातून, पिस्तूल काढावंही लागत नाही. ही परीक्षा पास होऊन "आता मला येतं" असं वाटणारी माणसं मला न शिकलेल्यांपेक्षा जास्त धोक्याची वाटतात.

(गंमत बघा. भारतात २०१६च्या शस्त्र नियमांनुसार परवान्याच्या अर्जाबरोबर सुरक्षिततेच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. गावाकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक असलेली माणसं निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करून पावती घेतात. इकडे दुकानात ओळखपत्र दाखवा, फॉर्म भरा, पार्श्वभूमीची तपासणी झाली की पिस्तूल घेऊन बाहेर.)

खरा कोर्स वेगळा असतो. एक दिवसाचा साधारण दीडशे ते अडीचशे डॉलर, दोन दिवसांचा पाचशेच्या आसपास किंवा वर. गोळ्या आपल्या. दोन दिवसांत पाचशेच्या वर सहज उडतात, आणि नाइन एमएमची गोळी स्वस्त म्हटली तरी पंचवीस-तीस सेंटला पडते. म्हणजे आणखी दीडशे डॉलर गेले. होल्स्टर, पट्टा, कानाचे मफ, चष्मा. खर्च दिसतो आहे, लपवत नाही.

त्या पैशात काय मिळतं? मी पाहिलेलं सांगते. माझ्या शेजारच्या लेनवर साठीचे एक टेक्सन गृहस्थ होते. लहानपणापासून बंदुका हाताळलेले, सुनेनं आग्रह केला म्हणून आलेले. त्यांच्या गोळ्या सारख्या खाली डावीकडे लागत होत्या आणि ते साईट (नेम धरायची खूण) वाकडी आहे म्हणत होते. इन्स्ट्रक्टरनं त्यांचं मॅगझिन (पिस्तुलात सरकवायची गोळ्यांची डबी) घेतलं, पाठ फिरवली, खऱ्या गोळ्यांत दोन-तीन प्लास्टिकच्या खोट्या मिसळल्या आणि परत दिलं. धाड. धाड. मग नुसतंच 'टक'. आवाज नाही, धक्का नाही, पण नळी मात्र चांगली दोन बोटं खाली गेलेली. म्हणजे गोळी सुटायच्या आधीच त्यांचा हात धक्क्याच्या भीतीनं पिस्तूल खाली दाबत होता. खरी गोळी उडते तेव्हा धक्क्यात हे झाकलं जातं, कुणालाच दिसत नाही, चालवणाऱ्याला तर नाहीच. गृहस्थ पिस्तुलाकडे बघत राहिले. इन्स्ट्रक्टर एक शब्द बोलला नाही, फक्त मॅगझिनसाठी पुन्हा हात पुढे केला. अर्ध्या तासात त्यांच्या गोळ्या मधल्या काळ्यात जमू लागल्या. साईट ठणठणीत होती.

आपली चूक आपल्याला दिसत नाही आणि ती बघणारा शहाणा माणूस तुमच्या खांद्यामागे उभा असतो, फी त्याची आहे. यूट्यूबवर हजार व्हिडिओ आहेत आणि त्यांतले काही उत्तम आहेत, पण व्हिडिओ तुमच्याकडे बघत नाही. सार्वजनिक रेंजवर नेमानं जाऊनही हे साधत नाही. बऱ्याच रेंजवर होल्स्टरमधून काढायला मनाई, भराभर गोळ्या झाडायला मनाई, हलायला मनाई. जे संकटात लागेल नेमकं तेच तिथे करून बघता येत नाही. उलट चुकीची सवय गोळ्या खर्चून घोटून पक्की होते.

"पण संकटात हे सगळं आठवणार आहे का?" हा प्रश्न रास्त आहे. न्यूयॉर्क पोलिसांच्या १९९८ ते २००६ मधल्या गोळीबारांचा रँड या संशोधन संस्थेनं अभ्यास केला, तेव्हा समोरूनही गोळ्या येत असताना पोलिसांचा नेम लागायचं प्रमाण १८ टक्के निघालं. पगारी, शिकलेले पोलीस! २४ ऑगस्ट २०१२ रोजी एम्पायर स्टेट बिल्डिंगसमोर दोन पोलिसांनी एका खुन्यावर १६ गोळ्या झाडल्या. तो मेला, पण नऊ वाटसरू जखमी झाले, आणि ते सगळे पोलिसांच्या गोळ्यांनी किंवा उडालेल्या तुकड्यांनी. काही जण यावरून शिक्षणाचा उपयोग नाही असा निष्कर्ष काढतात. मी उलटा काढते. शिकलेल्याची ही गत, तर चार तासांच्या क्लासवर आपण मॉलच्या गर्दीत काय दिवे लावणार? चांगल्या कोर्समध्ये हे तुम्हाला स्वतःच्या हाताच्या थरथरीवरून कळतं, आणि मग पार्किंगमधल्या भांडणातून काढता पाय घ्यायची बुद्धी आपोआप येते. माझ्या मते फी इथेच वसूल होते.

महागड्या कोर्सबद्दल मात्र माझा हात आखडता आहे. ॲरिझोनात पॉल्डनला गनसाइट म्हणून बंदुकीचं प्रशिक्षण देणारी संस्था आहे, जेफ कूपर या माजी मरीन अधिकाऱ्यानं १९७६ मध्ये काढलेली. आज कुठल्याही रेंजवर घोकून घेतात ते चार नियम त्याचेच: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, जे नष्ट करायचं नाही त्याच्याकडे नळी फिरू देऊ नका, नेम धरेपर्यंत बोट चापावर नको, लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे ते ओळखा. तिथला पाच दिवसांचा पिस्तूल कोर्स नावाजलेला आहे. पण फी, विमान, हॉटेल, हजारभर गोळ्या आणि आठवड्याची रजा धरली तर भारताच्या तिकिटाचे पैसे होतात. छंद असेल तर जरूर जा. घराच्या रक्षणासाठी एक पिस्तूल ठेवणाऱ्या माणसाला त्याची गरज नाही. आणि प्लेट कॅरिअर (चिलखती जाकीट) चढवून गाडीच्या बॉनेटवरून गोळ्या झाडायला शिकवणारे जे कोर्स इन्स्टाग्रामवर दिसतात, ते करणाऱ्या एका काकांना मी विचारलं होतं, "काका, तुमचं युद्ध कुणाशी आहे?" ते रागावले. असो.

त्यापेक्षा एका चांगल्या कोर्सनंतर जवळच्या क्लबात आयडीपीए किंवा यूएसपीएसए या नेमबाजी संघटनांच्या स्थानिक मॅचला जा. वीस-तीस डॉलरात होल्स्टरमधून काढणं, हलणं, वेळेचा ताण, सगळं होतं. नळी चुकीच्या दिशेला गेली तर त्या दिवसापुरतं सरळ घरी पाठवतात, आणि ते बरंच आहे. घरी रिकाम्या पिस्तुलावर चाप ओढायचा सराव तर फुकट आहे. गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून, भक्कम भिंतीकडे तोंड करून.

इन्स्ट्रक्टर कसा निवडायचा? एका शिक्षकामागे किती विद्यार्थी ते विचारा. पाच-सहाच्या वर असतील तर पुढे चला. स्वतःच्या पराक्रमाच्या गोष्टी सांगणारा नको. ज्याच्या फोटोंत कुणी निशाणाच्या बाजूला उभं राहून चित्रण करतंय, तो तर अजिबातच नको.

आता जे कोर्समध्ये मिळत नाही ते. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीनं ४८,८३० माणसं गेली, त्यांतली २६,३२८ आत्महत्या. निम्म्याहून जास्त. आपण पिस्तूल घेतो ते मध्यरात्री खिडकीतून शिरणाऱ्या कुणासाठी, आणि धोका असतो वरच्या मजल्यावर एसएटी या कॉलेज प्रवेश परीक्षेच्या मार्कांनी किंवा लेऑफनं खचलेल्या आपल्याच माणसाला. हे आपल्या घरांत बोललं जात नाही. टेक्सासात १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं भरलेलं हत्यार ठेवणं गुन्हा आहे, तिजोरी त्यासाठीही हवी. पण किती घरांत तिजोरीचा कोड आणि गॅरेजचा कोड एकच असतो ते एकदा तपासा. मुलांना गॅरेजचा कोड पाठ असतो. घरात कुणी निराशेतून जात असेल तर पिस्तूल काही काळ घराबाहेर ठेवा. कुठे आणि कसं, ते एखाद्या गन शॉपमध्ये विचारा.

तर ज्यांचा बेत ठरलाय त्यांनी आधी बेसिक पिस्तूलचा एक दिवसाचा कोर्स करा, तोही भाड्याच्या पिस्तुलावर, स्वतःचं विकत घ्यायच्या आधी. बऱ्याच रेंजवर ती सोय असते. नवरा-बायको दोघांनी करा, पण वेगवेगळ्या लेनवर. नवऱ्यानं बायकोला शिकवायचं नाही, इथेही नाही. गळाबंद टी-शर्ट घाला, कारण उडालेलं गरम टरफल गळ्यातून आत गेलं की माणूस पिस्तुलासकट नाचतो. बूट बंद हवेत. जेवणाचा डबा गाडीतच ठेवा आणि त्याला हात लावायच्या आधी साबण लावून गार पाण्यानं हात धुवा. हातावर शिसं असतं.