धनी गेला म्हणून कुत्रा मरत नाही

घरातील माणूस गेल्यावर मागे राहिलेल्या कुत्र्याचे काय करायचे, हा प्रश्न ज्या घरात उभा राहतो तिथे हल्ली व्हॉट्सॲपवरून एक मजकूर हमखास येऊन पोहोचतो. त्याचा आशय असा : खरा इमानी कुत्रा एकाच धन्याचा असतो, धनी गेला की तो अन्नपाणी सोडतो आणि त्याच्या पाठोपाठ जातो, दुसऱ्या घरी तो कधीच रुळत नाही आणि वयस्कर असला तर त्याला कोणी घेतही नाही, म्हणून त्याला दारोदार फिरवण्यापेक्षा एखाद्या शेतावर मोकळा सोडावा, नाहीतर डॉक्टरांकडून एक इंजेक्शन देऊन सोडवावा. पुराव्यादाखल रतन टाटांचा कुत्रा, जपानचा हाचिको आणि रायगडावरचा वाघ्या यांची नावे घेतलेली असतात. गेल्या वर्षी आमच्या इमारतीतील एक आजोबा वारले, तेव्हा त्यांच्या टोरंटोहून आलेल्या मुलीला दहाव्याच्या आत हा मजकूर तीन नातेवाइकांनी पाठवला होता, आणि तेव्हा आजोबांचा नऊ वर्षांचा लॅब्रेडोर लिफ्टच्या दाराकडे तोंड करून जिन्यात बसलेला होता. या मजकुरातील एकेक विधान तपासून पाहण्याची गरज मला तेव्हा वाटली.

प्रथम टाटांच्या कुत्र्याविषयी. टाटांचे निधन ९ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले आणि मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात अंत्यदर्शनासाठी ठेवलेल्या पार्थिवाजवळ ‘गोवा’ नावाच्या कुत्र्याला आणले गेले, ती दृश्ये सर्वांनी पाहिली. त्यानंतर काही दिवसांतच गोवाने धन्याच्या विरहाने तीन दिवसांत प्राण सोडल्याची बातमी पसरली. मुंबई पोलिसांतील एका प्राणिप्रेमी अधिकाऱ्याने टाटांचे तरुण सहकारी शंतनू नायडू यांच्याकडे चौकशी केली, तेव्हा गोवा ठणठणीत असल्याचे कळले. हा खुलासा वर्तमानपत्रांत छापून आला, तरी मूळ मजकूर अजून फिरतोच आहे.

हाचिकोचे उदाहरण तर या दाव्याच्या अगदी उलट जाते. त्याचे धनी, टोकियोचे प्राध्यापक उएनो, २१ मे १९२५ रोजी वारले, तेव्हा हाचिको जेमतेम दीड वर्षाचा होता. तो मेला ८ मार्च १९३५ रोजी, म्हणजे धन्यामागे जवळजवळ दहा वर्षे जगून. शिबुया स्टेशनवर तो धन्याची वाट पाहत रोज येऊन बसत असे हे खरे, परंतु तो उपाशी बसत नव्हता. आधी एक-दोन ठिकाणी त्याचे जमले नाही आणि शेवटी उएनोंच्या जुन्या माळ्याने त्याला सांभाळले. स्टेशनवरची माणसेही त्याला खाऊ घालत. १९३४ मध्ये त्याचा पुतळा उभारला गेला तेव्हा तो स्वतः तिथे हजर होता. त्याच्या जतन केलेल्या अवयवांची २०११ मध्ये पुन्हा तपासणी झाली, तीत कर्करोग आणि हृदयातील कृमी आढळले. थोडक्यात, जगातील सर्वांत प्रसिद्ध शोकाकुल कुत्रा दुसऱ्याच्या हातचे जेवून, म्हातारपणी आजाराने गेला. वाघ्याच्या वादात मी शिरत नाही. चितेत उडी घेतल्याच्या कथेला समकालीन साधनांत आधार सापडलेला नाही, एवढे नोंदवणे पुरेसे आहे.

आता अन्नपाणी सोडण्याविषयी. धनी गेल्यावर कुत्रा मलूल होतो, दारापाशी बसतो, रात्री घरभर फिरतो, काही दिवस नीट जेवत नाही. हे सर्व खरे आहे आणि ते नाकारण्याचे काही कारण नाही. घातक आहे ती यापुढची समजूत, की हा शोक आहे तेव्हा यावर इलाज नाही. आजोबांच्या कुत्र्याने दोन दिवस ताटलीला तोंड लावले नाही, तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण डोळे पुसत “बघा, मुक्या जिवाला कळतं” असे म्हणून गेला. तिसऱ्या दिवशी पशुवैद्यांनी त्याचा जबडा उघडला तर मागची दाढ किडून हिरडीत पू झालेला होता. आजोबा गेले काही महिने त्याची पोळी दुधात कुस्करून भरवत असत. घरचे त्याला लाड समजत होते. प्रत्यक्षात कुत्र्याला चावता येत नव्हते आणि ते फक्त आजोबांना ठाऊक होते. दाढ काढल्यावर, औषधे सुरू झाल्यावर, तो जेवू लागला. उतारवयातील कुत्र्यांत दातांचे, मूत्रपिंडाचे आणि यकृताचे आजार सर्रास आढळतात, तेव्हा दोन दिवस कुत्रा जेवला नाही तर आधी तपासणी करावी. शोकाचे निदान त्यानंतर करता येते.

तो दुसऱ्या घरी रुळत नाही, या विधानाला तर रोजच्या व्यवहारातच उत्तर आहे. अंधांना वाट दाखवणारे कुत्रे पिल्लूपणी एका कुटुंबात वाढतात, साधारण वर्षाचे झाल्यावर प्रशिक्षकाकडे जातात आणि त्यानंतर ज्याच्यासाठी काम करायचे त्या व्यक्तीच्या घरी जातात. दोनदा घर सुटूनही ते तिसऱ्या माणसाशी इतके जोडले जातात की तो त्यांच्या भरवशावर रस्ता ओलांडतो. बुडापेस्टच्या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, आश्रयगृहातील प्रौढ कुत्र्यांशी एकाच माणसाने अवघी तीन वेळा, दहा-दहा मिनिटे संगत केली, तर तेवढ्यानेही ती कुत्री त्या माणसाशी आपल्या माणसासारखी वागू लागली. ज्यांना माणूस मिळत नाही त्यांना माणसाची भूक अधिक असते, असाच याचा अर्थ होतो. रुळण्याला वेळ लागतो, हे मात्र कबूल. पहिले काही दिवस भेदरण्यात जातात आणि घर आपले वाटायला दोन-तीन महिनेही लागू शकतात. आठवड्याभरात परत पाठवलेली कुत्री पुष्कळदा रुळत नव्हती असे नाही, त्यांना मुदतच मिळालेली नसते.

वयस्कर कुत्र्याला कोणी घेत नाही, या एका मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते लपवण्यात हशील नाही. पिल्लाला दहा घरे विचारतात, नऊ वर्षांच्या कुत्र्याला एखादे. पण एकच घर लागते. २६/११च्या हल्ल्यात बॉम्ब शोधणारी मुंबई पोलिसांची मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर ही कुत्री निवृत्तीनंतर विरारच्या एका फार्मवर गेली आणि २०१६ मध्ये एकामागून एक मरण पावली, तोवर तिथेच सांभाळली गेली. घरच्या कुत्र्यासाठी ‘फुकट द्यायचा आहे’ अशी जाहिरात टाकू नये, कारण तिला प्रजननाचा धंदा करणारेही उत्तर देतात. लसीकरणाची वही, रक्ताचे अहवाल आणि खोडी जशाच्या तशा सांगाव्यात, घर बघून यावे, पंधरा दिवस चाचणीवर द्यावा आणि औषधांचा खर्च वारसांनी उचलण्याची तयारी दाखवावी. हा शेवटचा मुद्दा फार कमी लोक बोलून दाखवतात, आणि माझ्या पाहण्यात गोष्ट बहुतेक वेळा तिथेच अडते.

शेतावर मोकळा सोडण्याचा सल्ला मला सर्वांत संतापजनक वाटतो. गादीवर झोपलेल्या, बांधलेल्या वेळेला जेवलेल्या कुत्र्याला तिथली कुत्री आपल्या हद्दीत उभे करत नाहीत, आणि अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), जुन्नर या पट्ट्यात रात्री बाहेर असलेले कुत्रे म्हणजे बिबट्याचे ताट. अकोले भागातील बिबट्यांच्या आहाराचा जो अभ्यास झाला, त्यात भक्ष्याच्या वजनाचा ३९ टक्के वाटा एकट्या पाळीव कुत्र्यांचा निघाला. शिवाय उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड ५० रुपयांपर्यंतच आहे, ही त्या कायद्याची लाज आहे, आपल्याला दिलेली सवलत नव्हे.

इंजेक्शनविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ज्याच्या वेदनांवर उपाय उरलेला नाही अशा जनावरासाठी ते आहे. निरोगी कुत्र्यासाठी ते मागितले तर अनेक पशुवैद्य सरळ नकार देतात.

मजकुरात एका गोष्टीचा उल्लेखही नसतो, ती म्हणजे धन्याने हयातीतच करून ठेवायची व्यवस्था. आपल्या कायद्यात कुत्रा ही जंगम मालमत्ता आहे, त्यामुळे त्याच्या नावे पैसे ठेवता येत नाहीत. परंतु त्याला सांभाळील अशा माणसाच्या नावे, त्या कामासाठी म्हणून, मृत्युपत्रात रक्कम ठेवता येते. टाटांनी आपल्या टिटो या कुत्र्याच्या देखभालीची तरतूद मृत्युपत्रात केली आणि ती जबाबदारी स्वयंपाक्याकडे सोपवली, असे वृत्तपत्रांत आले होते. ज्या घराण्याच्या नावाने तीन दिवसांत मेलेल्या कुत्र्याची गोष्ट फिरते, त्याच घरातील ही दुसरी बातमी कोणी पुढे पाठवत नाही.

आमच्या आजोबांनी काहीच लिहून ठेवले नव्हते. कुत्रा अखेर तळेगावच्या एका निवृत्त परिचारिकेकडे गेला. सोबत आजोबांची न धुतलेली चादर, जुनी ताटली आणि मुलीने लिहिलेला एक कागद दिला : ‘सिट’ कळत नाही, ‘बैस’ म्हणावे, फटाके वाजले की मोरीत जाऊन बसतो, ओढून काढू नये, पोळी दुधात कुस्करून द्यावी. बाईंचे घर बैठे आहे, लिफ्ट नाही, त्यामुळे पहिला आठवडाभर संध्याकाळी कुठे जाऊन बसावे हे त्याला कळत नव्हते. मग त्याने फाटक निवडले. दाढ काढल्यामुळे पोळी कुस्करण्याची आता गरज उरलेली नाही, पण अख्खी दिली तर तो ती हुंगून बाजूला सारतो, असे बाई सांगतात.