दहा फुटांवरून पडलं तर काय होतंय?

आमच्या पार्ल्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर मागच्या आठवड्यात एक क्लिप आली. पिवळं विमान विजेच्या तारांखालून निघतं आणि पिकावर फवारा सोडत जातं. खाली मजकूर: ‘ही विमानं जमिनीपासून दहा फुटांवर उडतात, पडली तरी खरचटण्यापलीकडे काही होत नाही. अपघात होतात ते पायलटच्या मस्तीमुळे. इंजिन बंद पडलं तर खाली शेतच आहे. मग आपल्या शेतकऱ्याला हे का नाही?’ पटापट अंगठे पडले. हेच मी आणखी तीन ग्रुपांवर पाहिलंय, म्हणून एकदाच लिहितो.

दहा फूट खरे आहेत. त्याहून फार वर गेलं तर औषध वाऱ्याने शेजारच्याच्या रानात जातं. पण मार उंचीचा नसतो, वेगाचा असतो. ताशी २०० किलोमीटरने जाणारं विमान बांधाला धडकलं, तर तो दणका साधारण १५० मीटरवरून पडल्याइतका असतो. म्हणजे लोअर परळच्या चाळीस-पन्नास मजली टॉवरच्या गच्चीवरून. अशा मोडतोडीतून कित्येक वैमानिक चालत बाहेर येतात हेही खरं. त्याचं श्रेय उंचीला नाही, बांधणीला. १९५० मध्ये अमेरिकेत फ्रेड वाइक यांनी ‘एजी-१’ विमान आखलं ते अपघात होणारच असं धरून. वैमानिकाची बैठक उंच, औषधाची टाकी त्याच्या पुढे, म्हणजे आधी पुढचा सांगाडा चेपतो आणि मग धक्का माणसापर्यंत पोचतो.

आता मस्ती. गिरगावातल्या दोन चाळींमध्ये लोंबणाऱ्या केबलच्या तारा रस्त्यावरून मान वर केली की स्पष्ट दिसतात, कारण मागे आभाळ असतं. गच्चीवर जाऊन खाली बघा. त्याच तारा भिंती, छपरं, वाळत घातलेले कपडे यांत हरवून जातात. वैमानिकाला तारेमागे असंच हिरवं-तपकिरी रान दिसतं आणि तो सेकंदाला ५५ मीटर पुढे जात असतो. म्हणून तार शोधू नका, खांब शोधा, असं या धंद्यात शिकवतात. खांबही झाडाआड असला तर?

त्याहून अवघड गोष्ट वेगळीच आहे. ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा ब्युरोने तारेला धडकण्याचे अपघात तपासले, तेव्हा सुमारे ६३ टक्के वैमानिकांना ती तार तिथे आहे हे आधीच माहीत होतं. पहिल्या फेरीत बघितलेली तार विसाव्या फेरीत, नोझल तुंबलंय का हे बघताना, डोक्यातून निसटते. याला मस्ती म्हणायचं असेल तर रोजच्या जिन्यात पाय घसरणाऱ्यालाही मस्तवालच म्हणा.

‘खाली शेतच आहे’ हे म्हणणारा उसाच्या फडात कधी शिरलेला दिसत नाही. दहा फुटांवर इंजिन गेलं तर जागा निवडायला वेळच नसतो. टाकीचं दार उघडून औषध ओतून टाकायचं आणि असलेल्या वेगाच्या जोरावर थोडं वर यायचं, एवढंच हातात. ओल्या रानात चाकं रुतली की विमान उलटं. शिवाय क्लिपमध्ये न दिसणारं वळण असतं: पट्टी संपली की भरल्या टाकीनिशी वळून परत यायचं. ६० अंश कलून सपाट वळण घेतलं तर पंखांवर दुप्पट भार येतो आणि ज्या वेगाखाली विमान ‘स्टॉल’ होतं, म्हणजे पंख त्याला उचलून धरू शकत नाहीत, तो वेग ४१ टक्क्यांनी वाढतो. तिथे पंखांनी साथ सोडली तर सावरायला उंची लागते, आणि तीच नसते.

राहिला आपला शेतकरी. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने १९७०च्या दशकात ‘बसंत’ हे फवारणीचं विमान बनवलं होतं, तेव्हा प्रयत्न झालाच नाही असं नाही. पण एक हेक्टरचा चौकोनी तुकडा १०० मीटर लांब असतो. विमान तो दोन सेकंदांत ओलांडतं आणि पुढच्या सेकंदाला शेजाऱ्याच्या विहिरीच्या मोटारीची तार समोर येते. फवारणीचा ड्रोनही त्याच तारेत अडकेल, पण त्यात कुणी बसलेलं नसतं.