लागेल तशी उचल

आमच्या सोसायटीत कुणी घर बदलायला निघालं की सामान हलवणाऱ्यांना फोन जायच्या आधी मला येतो. "भाऊ, तुमच्याकडे खोकी असतात ना? दहा-बारा द्या की." असतात. अंबड एमआयडीसीतल्या माझ्या गाळ्यात आत्ता या घडीला लाखाच्या आसपास खोकी पडून आहेत. त्यातलं एकही माझं नाही. हे वाक्य मी गेली कित्येक वर्षं इंदिरानगरात सांगत फिरतोय आणि आजवर एकाही माणसाला ते पटलेलं नाही. नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात कामाला असलेल्याला शेजारी कधी "दहा-बारा द्या की" म्हणतात का? माझ्या बाबतीत मात्र सगळ्यांचं ठरलेलं: "एवढा ढीग पडलाय, बारांनी काय फरक पडतो?"

आणि दिली तरी उपयोग नाही. गाळ्यात खोकी उघडलेली नसतात, पापडासारखी सपाट पडलेली असतात. पंचवीसचं एक बंडल, पट्टीने आवळलेलं. एकदा एका वहिनींना नमुन्यातली चार दिली. त्यांनी ती तशीच भिंतीला टेकवून ठेवली आणि संध्याकाळी बायकोला म्हणाल्या, "भावजींनी नुसते पुठ्ठे दिले हो."

तर धंदा असा. मेहुण्याचा सातपूरला खोकी बनवायचा कारखाना आहे. यंत्रावर साइज लावायची, छपाईचा ब्लॉक चढवायचा, शाई भरायची, आधीच्या गिऱ्हाइकाची शाई धुवायची, सुरुवातीची काही खोकी वाकडीतिकडी छापून वाया घालवायची. हे सगळं पाचशे खोक्यांसाठी करा नाहीतर दहा हजारांसाठी, तेवढंच करावं लागतं. म्हणून मेहुणा दोन भाव सांगतो. पाचशेचा भाव ऐकून गिऱ्हाईक चहा अर्धा ठेवतं. दहा हजारांचा भाव ऐकला की त्याच्या डोळ्यांत चमक येते. "टाका मग दहा हजार!" दाराशी पोचल्यावर त्याला आठवतं, आपलं दुकान दहा बाय बाराचं आहे. तेव्हा मेहुणा ते ठेवणीतलं वाक्य काढतो: "ठेवायची काळजी नको. आमचे दाजी आहेत. लागेल तशी उचल करा."

दाजी म्हणजे मी. लोकांना खोकी लागतात पाचशे, छापतात दहा हजार, आणि मधल्या साडेनऊ हजारांवर माझा संसार चालतो. भाडं पॅलेटवर (माल रचायच्या लाकडी चौकटीवर), महिन्याला. कागदावर हा इतका निवांत धंदा आहे की लग्नात सासऱ्यांनी विचारलं होतं, "म्हणजे तुम्ही दिवसभर करता काय?"

'लागेल तशी' या दोन शब्दांत काय करतो ते सगळं आलं. करारात लिहिलेलं असतं, दोन दिवस आधी कळवावं, किमान वीस बंडलं उचलावीत. प्रत्यक्षात फोन येतो तो गिऱ्हाइकाच्या कामगाराने शेवटचं खोकं हातात घेतल्यावर. "अण्णा, गाडी निघाली का?" कुठली गाडी? "अहो, आपल्या खोक्यांची. पॅकिंगची लाइन उभी आहे." मग मी छोटा हत्तीवाल्याला शोधतो, तो पाथर्डी फाट्यावर मिसळ खात असतो. कुणी स्कूटरवर येतं आणि दोनच बंडलं मागतं. ('पन्नास खोकी' म्हणायची आता सोय राहिलेली नाही. २०२२ पासून सगळे शहाण्यासारखे 'दोन बंडलं'च म्हणतात.) दोन बंडलं स्कूटरवर आडवी बसत नाहीत, उभी बसली तर चालवणाऱ्याला समोरचं दिसत नाही, आणि तरीही माणूस "बसतील हो" म्हणत निघतो. थोड्या वेळाने त्याचाच फोन: "अण्णा, गरवारे पॉइंटला एक बंडल सुटलं. ते हिशोबात धरू नका."

पण खरी परीक्षा जानेवारी ते एप्रिल. द्राक्षं. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव या पट्ट्यातले बागायतदार ऑक्टोबरात छाटणी करतात आणि चारेक महिन्यांनी माल काढणीला येतो. दोन बागांची छाटणी पंधरा दिवसांच्या फरकाने झालेली असो, माझ्याकडचे फोन सगळे एकाच सकाळी येतात. परदेशी जाणारा माल पाचशे ग्रॅमच्या डबीत, अशा दहा डब्या एका पेटीत. देशातल्या मार्केटचा माल वेगळ्या पेटीत. हवा खेळायला भोकं पाडलेली, प्रत्येकाची छपाई वेगळी, प्रत्येकाचं द्राक्ष महाराष्ट्रात एक नंबर. आणि प्रत्येकाच्या बांधावर त्या घडीला व्यापारी उभा.

"भाऊ, व्यापारी बांधावर उभाय. मजूर लावलेत. पेट्या टाका लवकर."

"दादा, काल का नाही सांगितलं?"

"काल व्यापारी नव्हता ना."

याला उत्तर नाही. द्राक्षाचा भाव सकाळी ठरतो, दुपारी बदलतो, आणि व्यापाऱ्याचं मन त्याहून लवकर. शेतकरी दोन दिवस आधी कसं कळवणार? करार लिहिणाऱ्याने बाग बघितलेली नसते. करार मीच लिहिलाय, पण तो गोडाऊनमध्ये बसून. म्हणून जानेवारी लागला की मी करार कपाटात ठेवतो आणि दोन गाड्या दारात. कांदेवाल्यांचं बरं असतं. कांदा गोणीत जातो, त्यामुळे लासलगावच्या भावाशी माझा संबंध फक्त भाजीपुरता.

फेब्रुवारीत कधी अवकाळी होते, गारा पडतात. त्या दिवशी फोन वाजत नाही. दोन-तीन हजार पेट्या एका कोपऱ्यात तशाच बसून राहतात, वर घडाचं टपोरं चित्र. त्या महिन्याचं भाडं मी मागत नाही. मेहुणा म्हणतो, दाजी धंदा करतात की समाजसेवा? त्याचं काय जातंय, त्याने बिल छापतानाच घेतलेलं असतं.

उन्हाळा संपला की पुठ्ठा आणि पावसाळा यांचं भांडण सुरू होतं. पुठ्ठा म्हणजे मूळचा कागद, हवेतली ओल ओढून घेतो. बाहेरून दिसत नाही, पण दमट हवेत खोक्याची वजन पेलायची ताकद निम्म्यावर यायला वेळ लागत नाही. म्हणून जमिनीला टेकवायचं नाही, भिंतीला लावायचं नाही, थप्पी फार उंच न्यायची नाही, नाहीतर खालच्या बंडलांतल्या पुठ्ठ्याच्या आतल्या नागमोडी नळ्या दबतात आणि पाच प्लायचा, म्हणजे पाच थरांचा, पुठ्ठा तीन प्लायच्या मापाचा होतो. गिऱ्हाइकाला हे समजावून सांगितलं की तो म्हणतो, "मग एसी लावा ना." खोक्याला एसी! माझ्या टेबलावरचा पंखासुद्धा आवाज करतो. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत चढलं, की अख्खं नाशिक होळकर पुलाकडे धावतं, फोटो काढायला. मी उलट्या दिशेने अंबडला, पत्र्याचं कुठे गळतंय ते बघायला.

ओलीतून वाचलेलं उंदरांसाठी असतं. पुठ्ठ्याचे थर चिकटवायला स्टार्चची खळ वापरतात, म्हणजे मक्याचं पीठच ते. आपल्याला गोडाऊन दिसतं, उंदराला शिदोरी. उपाय म्हणून मांजर आणली. तिला गोडाऊन फार आवडलं. उंदीर आवडले नाहीत. सुरतेच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचा माणूस स्टॉक मोजायला आला तेव्हा ती त्यांच्याच नमुन्याच्या खोक्यात चार पिलांसह पहुडलेली होती. त्याने वहीत लिहिलं, 'एक नग वापरात.'

पैशाचं प्रकरण वेगळंच. नियम असा, की लहान उद्योगाकडून माल घेतला तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. कायदा २००६ चाच आहे, पण उशीर केला तर तो खर्च त्या वर्षीच्या हिशोबात धरता येत नाही, हे २०२४ च्या एप्रिलपासून आल्यावर लोकांना तो एकदम पाठ झाला. आता सगळे चोख ४५ दिवस मोजतात. फक्त कधीपासून, यावर मतभेद आहेत. मेहुणा म्हणतो, माल तयार होऊन दाजींकडे गेला त्या दिवसापासून. गिऱ्हाईक म्हणतं, माझ्या दारात आला त्या दिवसापासून. आणि माझ्या गोडाऊनमध्ये असतो तोवर माल कुणाच्याच दारात नसतो. त्या काळात तो नेमका कुणाचा, हे दोघंही मला विचारतात. आग लागली तर माझा, एवढं मात्र दोघांना मान्य आहे.

खोक्यांवरचा जीएसटी १८ टक्के होता, जुलै २०२४ मध्ये १२ झाला, सप्टेंबर २०२५ मध्ये ५. दोन्ही वेळा, दर उतरणार अशी कुणकुण लागताच बिल उचलीवर होणाऱ्या गिऱ्हाइकांची उचल एकदम थांबली. ज्यांची लाइन उभी असायची त्यांच्या लाइनी अचानक बसल्या. आणि नवा दर लागू झाला त्या सकाळी गाळ्यासमोर एवढ्या गाड्या, की शेजारचा फॅब्रिकेशनवाला विचारायला आला, "बंद करताय का धंदा?"

पण गोडाऊनमधला सगळ्यात जुना रहिवासी म्हणजे मेलेला माल. खोकं खराब होऊन मरत नाही, छपाईने मरतं. एका मसालेवाल्यांनी कारखाना अंबडहून सिन्नरला हलवला. पत्ता बदलला, अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर बदलला, सहा हजार खोकी जागच्या जागी गेली. दुसऱ्या एकाने भाव वाढवायचं ठरवलं. एमआरपी कमी करायची तर स्टिकर चालतो, वाढवायची तर चालत नाही, हे त्याला नवा लॉट छापून झाल्यावर कळलं. तिसऱ्यांचा मुलगा पुण्याहून एमबीए करून आला आणि म्हणाला, लोगो जुनाट दिसतो. जुनाट होताच, आजोबांचा फोटो होता. चौथ्यांना अंकशास्त्रवाल्याने सांगितलं, नावाच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्त घाला, विक्री दुप्पट होईल. नऊ हजार खोक्यांवर तो 'ए' नव्हता. "हाताने लिहून घेऊ का?" असं त्यांनी मला गंभीरपणे विचारलं. विक्री दुप्पट झाली की नाही माहीत नाही, माझ्याकडचं भाडं झालं. जुनी खोकी ठेवली आणि नवी छापली.

मेलेला माल रद्दीत घालायचा तर तिथेही कटकट. आपलं नाव असलेलं खोकं भंगारात गेलं आणि कुणी त्यात डुप्लिकेट माल भरला तर? म्हणून गिऱ्हाईक लिहून देतं, कापून मगच विका. मग दोन पोरं रोजंदारीवर बसवून मी कोरी करकरीत खोकी दिवसभर कापतो. नेमकं त्या दिवशी सोसायटीतलं कुणीतरी दारात येतं, कारण त्यांचं घर रविवारी हलायचं असतं. "कापताय? अरेरे. आम्हाला सांगायचं ना."

आणि एक ढीग असा आहे की तो ना कापता येतो ना विकता येतो. पंचवटीतले एक पेढेवाले आहेत. २०१५ च्या सिंहस्थाला त्यांनी पेढ्याचे बॉक्स छापून घेतले होते. वर रामकुंड, खाली 'सिंहस्थ कुंभमेळा २०१५ विशेष प्रसाद'. भाविक किती येणार याचे आकडे तेव्हा रोज वाढत होते, त्या हिशोबाने छपाईही वाढली. पहिल्या पर्वणीला बंदोबस्तच एवढा, की नाशिककर घरातून बाहेर पडेनात आणि बाहेरचे आत येईनात. पेढे घरच्यांनी खाल्ले. बॉक्स माझ्याकडे. भाडं दर महिन्याला न चुकता येतं, त्यामुळे बोलायला तोंड नाही.

परवा ते स्वतः आले. "आहेत ना आपले?"

"आहेत. पण कागद पिवळा पडलाय, काका."

"केशर पेढा भरू. शोभेल." मग खुर्ची ओढून बसले. "आता २०२७ चे छापायचेत. मेहुण्याला विचारा, पाच हजारांचा काय भाव आणि पंधरा हजारांचा काय."

मी फोन लावला. भाव ऐकला. मान खाली घालून सांगितला. काकांच्या डोळ्यांत ती चमक आली.

"पंधरा टाका."

"काका, मागच्या वेळचे किती उरले आठवतंय ना?"

"आठवतंय म्हणून तर सांगतोय. या वेळी साल छापायचंच नाही. नुसतं 'सिंहस्थ विशेष' लिहायचं. उरले तर २०३९ आहेच की." मग पुढे झुकून, आवाज खाली आणून म्हणाले, "तोवरचं भाडं मात्र आत्ताच ठरवून टाका. तेव्हा गल्ल्यावर पोरगा असेल, तो फार चिकट आहे."